चौपाकळीचं बी

११ फेब्रुवारी

डॉक्टरांनी वही ठेवायला सांगितली आहे. बाबांनी काय खाल्लं, किती प्यायले, किती वेळा कूस बदलली. म्हणून दुकानातली मापांची जुनी वही उलटी केली आणि मागून सुरुवात केली. पुढून गिऱ्हाइकांच्या कंबरा, मागून बाबा.

सकाळी पाऊण वाटी सूप. दुपारी कुस्करलेलं केळं, अर्धं ओघळलं.

अर्धांगवायूच्या झटक्याने उजवा हात आणि उजवा पाय गेला, वाचाही गेली. तोंडातून नुसता "आं" असा आवाज येतो, तोही कधीमधी. डॉक्टर म्हणाले, "यांना बोललेलं कळत नाही असंच धरून चला. मान हलवली तरी अर्थ लावू नका. यांचं हो आणि नाही सारखंच." हे ते बाबांच्या उशाशी उभं राहून म्हणाले. बाबा छताकडे बघत होते.

दादा दोन दिवस राहून आज परत गेला. चाकाची खुर्ची मागच्या दाराने अंगणात जावी म्हणून त्याने उतरती फळी ठोकली, वाटेतला सगळा पसारा उचलून बाहेर टाकला. कामाचा झपाटा अगदी बाबांचाच. मी म्हटलं, जरा बसून चहा तरी घे. तर म्हणे, "चिमे, बसलो की विचार येतात."

तो पसारा काढत होता तेव्हा बाबा फार ओरडत होते. तहान लागली असेल म्हणून आम्ही पाणी पाजलं. प्यायले नाहीत.

१४ फेब्रुवारी

दुष्काळात तेरावा महिना. दादाने टाकलेल्या पसाऱ्यात पुढच्या वर्षीची चौपाकळी होती.

चौपाकळी म्हणजे बाबांचं तिसरं अपत्य, पण लाडाच्या क्रमाने पहिलं. मोहरीच्या कुळातलं रानफूल. चार फिकट पिवळ्या पाकळ्या, वास असा की अंगणात कुणीतरी मधाची बाटली उघडी ठेवली आहे. गावाबाहेरच्या एका चुनखडीच्या उतारावर ते यायचं, दुसरीकडे कुठेच नाही. बाबा रस्त्यांच्या मोजणी खात्यात होते. नवा रस्ता त्या उतारातून गेला आणि त्याच्या खुंट्या बाबांनीच मारल्या. यंत्रं यायच्या आदल्या दिवशी त्यांनी एक रोप मुळांसकट उपटून जेवणाच्या डब्यात घालून आणलं. त्याला एकोणीस वर्षं झाली. जगात आता ते फक्त आमच्या मागच्या अंगणात आहे.

हे झाड पहिल्या वर्षी नुसतं पानांचं चक्र होऊन जमिनीला चिकटून बसतं. दुसऱ्या वर्षी दांडा येतो, फुलतं, बी धरतं आणि वाळून जातं. बी वर्षभरच जिवंत राहतं. म्हणून अंगणात कायम दोन पिढ्या असतात, एक पानांची आणि एक फुलांची. पानांची पिढी अनोळखी माणसाला गवतच वाटणार. दादाने चार तबकं कचऱ्यात ओतली आणि कचऱ्याची गाडी कधीच येऊन गेली.

फोन केला. "अगं, गवत होतं ते," म्हणाला. मी काय होतं ते सांगितलं. मग म्हणाला, "आता?"

आता चौदा कुंड्या आहेत, यंदा फुलणाऱ्या. त्यांनी बी धरलं तर ठीक. नाही धरलं तर एकोणीस वर्षांवर पाणी.

१५ फेब्रुवारी

बाबांची नोंदवही पाहिली. तारीख, कुंडीचा आकडा, शेंगांचा आकडा. बी ओल्या वाळूत घालून सहा आठवडे फ्रिजमध्ये ठेवावं, पेरल्यावर वर माती टाकू नये, त्याला उजेड लागतो, एवढं लिहिलं आहे. बी धरवायचं कसं ते कुठेच नाही. रोज करणारा माणूस कृती कशाला लिहील? मी तरी कुठे लिहून ठेवलं आहे काज कसं करायचं ते?

बहराच्या दिवसांत ते सकाळी दोन तास मागचं दार लावून बसायचे, चिमटा आणि भिंग घेऊन. आत काय चालतं हे मी कधी विचारलं नाही. मला दुकान होतं. आणि खरं सांगायचं तर मला त्या झाडांचा राग यायचा. आई गेली त्या आठवड्यातसुद्धा ते दोन तास चुकले नव्हते.

३ मार्च

कळ्या आल्या. हिरव्या, गव्हाच्या दाण्याएवढ्या, प्रत्येक दांड्याच्या टोकाला झुबका. बाबांची खुर्ची फळीवरून अंगणात नेली. खूप वेळ बघत होते. डावा हात कुंडीकडे नेला, पोचला नाही. मी कुंडी पुढे सरकवली तर ती त्यांच्या थरथरीने कलंडता कलंडता वाचली. कानाला खडा लावला. आता लांबूनच दर्शन.

परत खोलीत आणल्यावर त्यांनी एक नवीनच उद्योग सुरू केला. शर्टाचं वरचं बटण धरायचं, अंगठ्याच्या नखाने कडेला उचकायचं, मग तेच बोट छातीला लावायचं, परत बटणाला. आणि माझ्याकडे बघायचं. "उकडतंय का बाबा?" पंखा लावला. तरी चालूच.

८ मार्च

बटण पाचव्यांदा शिवलं. दोरा दुहेरी घेतला, खाली कापडाचा तुकडा लावला. हे बटण आता माणूस गेला तरी राहील, असं गिऱ्हाइकांना म्हणते तसं तोंडातून गेलं. बाबांनी माझ्याकडे पाहिलं आणि परत बटण धरलं.

दुपारी माझा बटणांचा डबा त्यांच्या मांडीवर ठेवला होता, तेवढाच विरंगुळा. त्यांनी त्यातून कापड चढवलेलं एक गोल बटण शोधून काढलं आणि माझी ओढणी धरून मला खाली ओढलं. बटण माझ्या नाकासमोर. नखाने त्याचं कापड उचकत होते. तोंडात घालतील या भीतीने डबा काढून घेतला. त्यांनी डावा हात खुर्चीवर आपटला. बाबांनी आयुष्यात कधी हात आपटला नव्हता. आजाराने माणूस बदलतो म्हणतात ते हेच.

११ मार्च

पहिलं फूल. सकाळी दार उघडलं आणि वास आत आला. मी आपली वेड्यासारखी रडले.

मग रंगाच्या पेटीतला सगळ्यात बारीक कुंचला घेतला आणि या कुंडीचा पराग त्या कुंडीला, त्या कुंडीचा हिला. हात माझा बरा आहे, सुईचा हात. बाबा दारातून बघत होते. मी विचारलं, "असंच ना?" त्यांनी मान हलवली. नाही की हो, कोण जाणे. मग हात परत बटणावर.

१६ मार्च

आज स्वतःवर खूश आहे. बाबांच्या सहाही शर्टांची बटणं काढून टाकली, काजं बंद केली, आत वेल्क्रोची पट्टी शिवली. बाहेरून काही कळत नाही. उघडायला सोपं, अंग पुसायला सोपं आणि चाळा बंद. रोज येणारा व्यायामवाला म्हणाला, असे शर्ट विकायला ठेवा.

शर्ट घातल्यावर बाबांनी छातीवर हात फिरवला. वरपासून खालपर्यंत. परत वरपासून खालपर्यंत. मग हात मांडीवर ठेवला.

२० मार्च

पहिली फुलं गळली. मागे शेंग धरत नाही, नुसती वाळकी काडी राहते. मुलगा असता तर म्हटलं असतं, अभ्यास केला पण पेपर कोरा आला. बागवाल्याला विचारलं, तो म्हणाला खत द्या. दुसऱ्याने सांगितलं पाणी कमी करा. मधमाश्या येतात, त्याही पालथ्या घड्यावर पाणी घालून जातात. दांड्यांवर कळ्या आहेत अजून, पण वर वर सरकत संपत चालल्या आहेत.

बाबा शांत झालेत. वेल्क्रो लागू पडलं.

२२ मार्च

दादा आला. बाबांच्या पलंगाच्या पायथ्याशी उभं राहून आम्ही चादरीच्या घड्या घालत होतो, एक टोक त्याच्याकडे आणि एक माझ्याकडे. तो म्हणाला, "चिमे, आरशात बघतेस का कधी? हाडं दिसायला लागलीत. ते आजाऱ्यांना सांभाळणारं केंद्र आहे ना, तिथे जागा झालीय. नर्स आहेत, डॉक्टर आहेत."

मी म्हटलं, मी मेलेय का अजून. तर म्हणे, "तेच व्हायची वाट बघायची का?"

आणि मग मी बोलले. वहीत लिहायलाच हवं, कारण दुसऱ्या कुणाला सांगता येणार नाही. म्हटलं, "मी दमले रे. कधीकधी वाटतं, त्या दिवशी बाबा तिथल्या तिथे सुटले असते तर त्यांचंही भलं झालं असतं आणि माझंही."

दादा म्हणाला, "हळू बोल."

मी म्हटलं, "कळतंय कुणाला."

२५ मार्च

सूप नाही. केळं नाही. भिंतीकडे तोंड करून आहेत. ताप नाही.

१ एप्रिल

आज नेलं. सामान एका पिशवीत मावलं. गाडीत बसवताना मला वाटलं होतं की ओरडतील, धरून ठेवतील. काही नाही. उलट मी पट्टा लावायला वाकले तर डावा हात माझ्या डोक्यावर पडला. पडला की ठेवला, ते समजलं नाही. केंद्रात सगळ्यांना बंदांचे झगे घालतात. मी म्हटलं, माझे शर्ट आहेत. तिथली मावशी म्हणाली, राहू दे ताई, आम्हाला हेच बरं पडतं.

५ एप्रिल

सलग आठ तास झोपले. याची लाज वाटते आहे. चार गिऱ्हाइकांची कामं वेळेवर दिली.

फुलं संपत आली. नऊ नंबरच्या कुंडीला खालून एक उशिराची फांदी फुटली आहे, तिच्यावर कळ्या आहेत. बाकी तेरा कुंड्यांवर वाळक्या काड्या.

७ एप्रिल

हे आजच्या आज लिहून ठेवायला हवं.

दुपारी एक बाई कोटाच्या बाह्या आखूड करायला आल्या. वय सत्तरच्या घरात, कमरेत वाकलेल्या, बोलायला गोड. मागचं दार उघडं होतं, त्यांना कुंड्या दिसल्या. "मोहरीच्या घरातली दिसतात," म्हणाल्या. त्या भाजीच्या बियाण्यांच्या मळ्यावर तीस वर्षं होत्या, कोबीवर. मी आपलं रडगाणं गायलं, की फुलतात पण बी धरत नाहीत.

"सगळी एकाच रोपाची का?"

"एकाच."

"मग कशी धरतील? आपल्याच घरातला पराग फूल घेत नाही. उमललं की त्याला ओळख पटते. कोबीचंही तसंच." आणि हसून म्हणाल्या, "म्हणून ते शहाणं व्हायच्या आत काम उरकायचं. उमलायच्या दोन-तीन दिवस आधी, कळी मिटलेली असते ना, तेव्हाच ती टोकाशी उघडायची आणि उमललेल्या फुलाचा पराग आत टेकवायचा. तेव्हा घेते बिचारी. दिवसाला हजार कळ्या उघडायचो आम्ही बायका. कंबर त्यातच गेली माझी."

मी म्हटलं, उघडायची म्हणजे कशी?

त्यांच्यापुढे काउंटरवर त्यांचाच कोट पडला होता. त्यांनी त्याचं वरचं बटण धरलं. अंगठ्याच्या नखाने कडेला उचकलं. मग तेच बोट कोटाच्या छातीला लावलं, "हा पराग घेतला," आणि परत बटणाला, "हा आत ठेवला."

मी म्हटलं, परत करून दाखवा. त्यांनी परत केलं.

मी म्हटलं, अजून एकदा. त्या माझ्याकडे बघायला लागल्या. "ताई, बरं वाटत नाही का?"

बाई गेल्यावर दुकान बंद केलं. पाच वेळा बटण शिवलं मी. दोरा दुहेरी घेतला. डबा काढून घेतला. आणि मग सहा शर्ट, एवढ्या सफाईने, की बाहेरून काही कळत नाही. ते दोन आठवडे मला सांगत होते आणि मी माझ्या हाताने, माझ्या कसबाने त्यांचं तोंड शिवून टाकलं.

आणि हे तर काहीच नाही. त्यांना कुंचल्याची चूक कळत होती. कळ्या संपत आल्या हे कळत होतं. म्हणजे सगळंच कळत होतं. डॉक्टर उशाशी बोलले ते. दादा बोलला ते. चादरीच्या घड्या घालताना मी बोलले ते.

८ एप्रिल

नऊ नंबरची कुंडी मांडीवर घेऊन केंद्रात गेले. बैल गेला आणि झोपा केला, पण गेले.

बाबा खिडकीकडे तोंड करून बसले होते. कुंडी त्यांच्यासमोर टेबलावर ठेवली, बाबांचाच चिमटा ठेवला. कोणत्या तोंडाने बोलणार? मी फक्त माझ्या ब्लाउजचं वरचं बटण धरलं आणि नखाने उचकलं.

बाबांचा चेहरा अर्धाच हलतो. तो अर्धा हलला.

चिमटा त्यांनी बाजूला सारला. मी कुंडी घट्ट धरली. त्यांनी डाव्या हाताच्या अंगठ्याचं नख कळीच्या टोकाला लावलं, थरथर थांबेपर्यंत वाट पाहिली आणि कळी उघडली. आत हिरवी दांडी, सुईच्या टोकाएवढी. उमललेलं एक फूल मी तोडून दिलं, त्याचा पराग त्यांनी तिथे टेकवला. एका कळीला वीस मिनिटं लागली. चार कळ्या केल्या आणि हात गळला. उरलेल्या तीन मी केल्या. पहिलीला मी जोर लावला तर त्यांनी माझ्या मनगटावर चापट मारली, लहानपणी अक्षर चुकलं की मारायचे तशीच. सातही कळ्यांना लाल दोरा बांधला.

मग मी जमिनीवर बसले आणि त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवलं. म्हटलं, बाबा, मी जे बोलले ते तुम्ही ऐकलंत ना? म्हटलं, चुकले मी. घरी चला. आत्ता चला, गाडी बोलावते.

त्यांनी मान हलवली. नाही. सावकाश, दोनदा. मावशी बाजूच्या पलंगाची चादर बदलत होती, तीही म्हणाली, "आजोबा नाही म्हणतायत, ताई."

मान हलवली तर अर्थ लावू नका, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. आता अर्थ कसा लावू नको?

१९ एप्रिल

रविवार. पाच दोऱ्यांच्या जागी शेंग धरली आहे, केसाएवढी बारीक. दोन वाळल्या, त्या माझ्याच. बाबांना सांगितलं तर अर्धं हसले. घरी चला म्हटलं. नाही.

जेवण माझ्या हातून सरळ घेत नाहीत. भरवायला गेले तर केळं माझ्याकडे सरकवतात, मी खाल्लं की मगच तोंड उघडतात. माझं मनगट धरून बसतात, दोन बोटांनी हाड चाचपत. डोळ्यांत बघत नाहीत. राग आहे, असायलाच हवा.

दादाला फोनवर सगळं सांगितलं. मग म्हणाला, "हे मला सांगायला नको होतंस, चिमे."

२६ एप्रिल

घरी चला म्हटलं. या वेळी मी विचारायच्या आतच मान हलवली. मग माझ्या गालाला हात लावला, गाल जरा भरले आहेत माझे, आणि हाताने दाराकडे खूण केली. जा.

जा म्हणतात मला. दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर भांडले असते.

३ मे

शेंगा फुगल्या. हिरव्यातून पिवळ्याकडे चालल्या आहेत. पातळ कापडाच्या पाच टोप्या शिवून त्यांच्यावर चढवल्या, बी उडून जायला नको. बाबांना एक टोपी दाखवायला नेली. टीप उलटसुलट करून पाहिली त्यांनी, नाक मुरडलं नाही. घरी चला. नाही.

मी ठरवलं आहे, बी हातात आलं की ते घेऊन जायचं आणि आता विचारायचंच नाही. सरळ उचलून आणायचं. नाराज तर नाराज, अंगणात बसून नाराज राहा म्हणावं.

८ मे

बाबा गेले. सकाळी सहाला फोन आला.

१५ मे

शेंगा काल तडकल्या. एकतीस बिया, तांबूस, चपट्या. मोजताना श्वास धरून ठेवला होता. दादा समोर बसला होता, त्याने नोंदवही उघडली आणि बाबांच्या शेवटच्या ओळीखाली आकडा लिहिला. मग वही बंद करून त्यावर हात ठेवून बसला. म्हणाला, "पेरशील ना?" मी म्हटलं, आपण पेरू.

आज केंद्रात त्यांची पिशवी आणायला गेले. झगे त्यांचे, ते ठेवून घेतले. माझे सहा शर्ट घडी न मोडलेले परत मिळाले. मावशीने चहा दिला. म्हणाली, "आता रविवारी चुकल्यासारखं होणार. तुम्ही गेलात की आजोबा मला धरायचे, खुर्ची खिडकीशी न्यायला लावायचे. तुम्ही थांब्यावर उभ्या राहायचात ना, तेवढा वेळ हात वर करून बसायचे. मी म्हणायचे, आजोबा, हात दुखेल. ऐकायचे नाहीत. बस लांब जाऊन दिसेनाशी झाली की खाली घ्यायचे."

कुठली खिडकी, विचारलं. तिने दाखवली, तिसऱ्या मजल्यावरची, कोपऱ्यातली.

खाली येऊन थांब्यावर उभी राहिले. तिथून ती खिडकी अगदी समोर दिसते. प्रत्येक रविवारी मी तिथे दहा-पंधरा मिनिटं उभी असायचे, बस येते त्या बाजूला तोंड करून. मी एकदाही वर पाहिलं नाही.